'टायर फुटल्याने' या शब्दांपुढे चार आकडेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऊन तापायला लागले की आपल्या अंकात एक ठरलेली बातमी येते. गाडी समृद्धी महामार्गावरची, वेळ दुपारची किंवा पहाटेची, आणि मधे कुठेतरी एक ओळ : 'टायर फुटल्याने चालकाचे नियंत्रण सुटले'. पुढे जखमींची नावे आणि बातमी संपली. टायर फुटला म्हणजे जणू आभाळातून वीज पडली, त्याला कोण काय करणार! एसटीच्या टायर विभागात मी ३१ वर्षे काढली. ही ओळ वाचली की माझा चहा तसाच निवतो. आमच्याकडे 'टायर फुटला' एवढे लिहून सुटका नव्हती. कोणत्या नंबरचा टायर, कोणत्या चाकाला होता, किती किलोमीटर धावला, रिमोल्ड (झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवणे) किती वेळा झाला, हवा शेवटची कधी बघितली, हे सगळे कार्डावरून उतरवून साहेबांपुढे ठेवावे लागे. गाडीला जशी पत्रिका तशी प्रत्येक टायरला.

पण हे पत्र फुशारकी मारायला लिहीत नाही. टायरच्या वयावरून माझी फजिती झाली म्हणून लिहितो आहे.

ऑक्टोबर २०१७ मध्ये मी निवृत्त झालो आणि ग्रॅच्युइटीच्या पैशातून एक लहान गाडी घेतली. पुढच्याच वर्षी मुलीचे लग्न होऊन ती रत्नागिरीला गेली. तिला नोकरीसाठी लागेल म्हणून गाडी तिच्याकडे दिली. घर मिऱ्याच्या बाजूला, रात्री लाटांचा आवाज अंथरुणात ऐकू येतो इतक्या अंतरावर. गेल्या डिसेंबरात त्यांनी नवी गाडी घेतली आणि जावई म्हणाले, "बाबा, जुनी तुमचीच आहे, तुम्ही नागपूरला घेऊन जा." मी आणि ही, दोघे रेल्वेने गेलो. येताना गाडीने यायचे होते.

आठ वर्षांत गाडी चालली होती जेमतेम ३१ हजार किलोमीटर. मी सवयीप्रमाणे चारही चाकांभोवती फिरलो. नक्षी छान शाबूत. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, टायर झिजत झिजत त्या पातळीला आला की १.६ मिलिमीटर उरली असे समजायचे. इथे तर ते उंचवटे पार खोल होते. मी जावयांना म्हटले, "टायर अजून २० हजार सहज जातील." ३१ वर्षांच्या अनुभवाचे बोल होते, त्यामुळे कोणी काही बोलले नाही.

एवढेच होते की डावे मागचे चाक दर चार-पाच दिवसांनी बसायचे. हवा ३० पौंड भरावी तर २२ वर यायची. खिळा दिसत नव्हता. जावई म्हणाले, मिरकरवाडा बंदराकडे जाताना एक पंक्चरवाला आहे, मासळीच्या गाड्या त्याच्याकडेच येतात.

दुकान म्हणजे चिऱ्याची एक भिंत आणि वर पत्रा. समोर बर्फाचे खारे पाणी ठिबकत उभा असलेला टेम्पो, त्याच्या चाकाच्या डिस्कचा रंग कोणता होता हे आता सांगता येणार नाही इतका गंज. पण माणूस कामाचा वाटला, तो एका गोष्टीवरून. आम्ही थांबलो तेव्हा तो कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडून पाणी काढत होता. लालसर पाण्याची पिचकारी उडाली. समुद्राकाठच्या हवेत ओल इतकी असते की टाकीच्या तळाशी पाणी साचतेच. रोज काढले नाही तर तेच पाणी हवेबरोबर टायरात जाते आणि रिम आतून सडते. नागपुरात पावसाळ्यातही हे करायला हवे. किती जण करतात ते त्यांनाच ठाऊक.

त्याने चाक पाण्याच्या टबात दाबले. नक्षीतून काही नाही. रिमच्या कडेने मात्र बारीक बुडबुड्यांची माळ सुरू झाली.

"खिळा नाही काका. बीडमधून जातेय."

वाचकांसाठी सांगतो. टायरची आतली कड म्हणजे बीड, तिच्यात पोलादी तार असते आणि ती रिमवर घट्ट बसते. ट्यूबलेस टायरात हवा कोंडून ठेवायला तेवढीच जागा. रिमला तिथे गंज धरून पापुद्रे सुटले की हवा वाट काढते. त्याने टायर उतरवला, बैठकीची जागा तारेच्या ब्रशने आणि मग पॉलिश पेपरने घासली. तळहातावर गंजाचे पापुद्रे घेऊन दाखवले. "खारा वारा हो काका. गाडी चालती असली तर एवढं नाही, उभी राहिली की खातो." व्हॉल्व्ह वाकवला तर त्याच्या रबरी मानेला चिरा. टोपी कधीच हरवलेली. वाळू आणि मीठ दोन्ही आत जायला मोकळे.

व्हॉल्व्ह बदलला, कडेला सीलर लावला. आता टायर चढवणार म्हणून मी उठलो, तर तो टायर हातात धरून उभाच. टायरच्या बाजूच्या भिंतीवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि विचारले, "कुठवर जायचंय?"

"नागपूर. पनवेलहून वर जाऊ, आमण्याला समृद्धी धरू, थेट घरी."

"एकशेवीसने?"

"मर्यादा तेवढीच आहे."

"मग हे घेऊन नका जाऊ," तो म्हणाला आणि बोट ठेवले. २९१७. म्हणजे २०१७ सालातला एकोणतिसावा आठवडा. प्रत्येक टायरवर अक्षरांच्या एका ओळीशेवटी हे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. मला हे माहीत नव्हते असे नाही. मी बघितले नव्हते. मग त्याने टायर दोन्ही हातांनी दाबून ती भिंत ताणली, तेव्हा नक्षीच्या खाचांत आणि अक्षरांच्या बाजूने केसासारख्या चिरा उघडल्या. उभ्या चाकावर त्या दिसत नव्हत्या.

मी म्हटले, "मी पण २०१७ चाच निवृत्त."

तो हसला. "मग तुम्हाला एकशेवीसने पळवतंय का कोणी?"

परत येताना मी गप्प होतो. ३१ वर्षे टायरमध्ये घालवलेल्या माणसाला जे दिसले नाही ते बंदरावरच्या पंक्चरवाल्याला पहिल्या नजरेत कसे दिसले? दोन दिवस विचार केल्यावर कारण सापडले, आणि पत्र लिहिण्याचे मूळ तेच आहे. एसटीत टायर म्हातारा होतच नाही. बस रोज धावते, त्यामुळे वय व्हायच्या आधी त्याची नक्षी संपते. मग रिमोल्ड, पुन्हा झीज, पुन्हा रिमोल्ड, आणि शेवटी भंगार. नवा पुढच्या चाकाला, रिमोल्ड मागे, हा आमचा धर्म. आमचे सगळे शास्त्र किलोमीटरचे. झिजलेला टायर मला अंधारात हात फिरवून ओळखता येतो. जोडचाकातल्या आतल्या टायरची हवा गेली आहे की नाही हे टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, ठोकून आवाजावरून सांगता येते. पण न झिजता म्हातारा झालेला टायर आमच्या आगारात कधी आलाच नाही.

त्या पंक्चरवाल्याकडे मात्र तेच येतात. कोकणात चाकरमान्यांच्या गाड्या घराच्या पडवीत उभ्या असतात, गणपतीत आणि मे महिन्यात बाहेर निघतात. किलोमीटर कमी, नक्षी नवी, रबर मेलेले. रबरात मेणासारखे एक द्रव्य घातलेले असते. चाक फिरताना टायर दबतो, सैल होतो, तसे ते पृष्ठभागावर येत राहते आणि रबराला हवेपासून जपते. गाडी उभी राहिली की ते येणे मंदावते. वरून ऊन, हवेतला ओझोन. रबर कडक होते, चिरते. आत पोलादी तारांचे पट्टे असतात, त्यांच्या कडा रबरापासून सुटू लागतात. ६० च्या वेगाने भाजी आणायला जाताना याचा पत्ताही लागत नाही. १२० ने दोन तास धावले की तापलेली नक्षी सालपटासारखी सोलून निघते. समृद्धीच्या कडेला ही काळी लांब सालपटे पडलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

स्टेपनीची तर आणखीच गंमत. डिकीतून काढली तर नवी कोरी, रस्त्याला एकदाही न लागलेली, रबरी केससुद्धा शाबूत. आकडे तेच, २९१७. हीच चढवून लोक निर्धास्त होतात. जावयांच्या नव्या गाडीत स्टेपनीच नाही. जुलै २०२० मध्ये नियम बदलला आणि त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांना, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचे साहित्य असेल तर, स्टेपनीशिवाय चालते. साहित्य म्हणजे एक बाटली आणि छोटा पंप. नक्षीत खिळा गेला तर त्याने भागते. कोकणातल्या अरुंद रस्त्यावर समोरून बस आली, चाक कडेच्या जांभ्यावर चढले आणि टायरची बाजूची भिंत कापली, तर त्या बाटलीचा उपयोग शून्य. बाजूची भिंत कापल्यावर पट्टी किंवा पॅच लावणारा भेटला तर त्याच्यापासून दूर पळावे. ती जागा सारखी वाकते, तिथे दुरुस्ती टिकत नाही.

चार नवे टायर घ्यायचे ठरले. पहिल्या दुकानात मला 'अगदी नवीन स्टॉक' दाखवला. मी आता शहाणा झालो होतो. टॉर्च मारला तर टायर अडीच वर्षांचा. दुकानदार म्हणाला, "वापरला कुठे आहे काका?" हेच तर! दुसऱ्या दुकानात ३१२५ चे मिळाले. चार मिळून १९,२०० रुपये, जोडीला अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग. हिने बिल पाहून नाक मुरडले. मग मी तिला त्या चिरा दाखवल्या, तेव्हा तीच म्हणाली, स्टेपनीचा पण घ्या. पाचवाही घेतला.

परतीच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखे काही घडले नाही, आणि त्यातच सगळे आले. सकाळी थंड टायरात ३० भरून निघालो. दर दीड-दोन तासांनी थांबून चाकाला हात लावायचा, ही एसटीची खोड. दुपारी काटा लावला तर ३४. कोणी घाबरून सोडली असती. तापली की हवा वाढणारच, साधारण साडेपाच अंशाला एक पौंड. गाडी बनवणाऱ्याने तो हिशेब धरूनच आकडा दिलेला असतो, आणि तो गाडी थंड असतानाचा असतो. माझ्या टायरवर '८५टी' लिहिलेले आहे. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो पेलण्याची ताकद, 'टी' म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत चालेल. नीट हवा असलेल्या ताज्या टायरला १२० म्हणजे काहीच नाही.

आता आपल्या गावाकडे येतो. आमच्या कॉलनीत, हिंगणा रोडच्या बाजूला, मी मोजल्या तर अकरा गाड्या कापडी झाकणाखाली उभ्या. मुले पुण्याला, बंगलोरला, एक-दोघांची अमेरिकेत. आईवडील रविवारी रामटेकला नाही तर अदासाला जाऊन येतात. वर्षाकाठी दोन-तीन हजार किलोमीटर. म्हणजे चाकरमान्याची गाडी ती हीच, फक्त समुद्राऐवजी ४५ अंशांच्या उन्हात उभी. मग कोणाचे तरी लग्न निघते, मुलगा आलेला असतो, गाडीत पाच माणसे, डिकीत बॅगा, आणि समृद्धी जिथे सुरू होते त्या शिवमडक्याच्या नाक्यावरून पुढे आयुष्यात पहिल्यांदाच तो टायर सलग तीन तास १२० ने धावतो. फुटला तर दोष रस्त्याच्या सिमेंटला. सिमेंट तापते, टायर घासते, हे मी नाकारत नाही. पण माझा अनुभव सांगतो, आधी टायरला दोन प्रश्न विचारावेत : वय काय आणि हवा किती.

हवेबद्दल तर नागपुरात वेगळेच पंचांग चालते. शेजारचा मुलगा दर मार्चमध्ये हवा २५ वर आणतो. "काका, उन्हाळ्यात कमीच ठेवा लागते नं, नाही तर टायर फुटून जाते." त्याचे वडीलही तेच करायचे. खरे तर नेमके उलट आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेरीला जास्त वाकते, जास्त वाकली की जास्त तापते. तार हातात धरून वाकवत राहा, तुटायच्या आधी ती चटका देते, तसेच. कमी हवेचा टायर स्वतःच स्वतःला भाजतो. दुसरी जमात म्हणते, टायरवरच '५१ पीएसआय' (म्हणजे पौंड) छापले आहे, तेवढी भरा. ती वरची कमाल मर्यादा आहे. आपल्या गाडीचा आकडा ड्रायव्हरचे दार उघडले की चौकटीवरच्या पट्टीवर असतो. तोच सकाळी, गाडी थंड असताना भरायचा.

पण भरायची कुठे? पेट्रोलपंपावर हवा फुकट देणे बंधनकारक आहे. मी गेल्या पंधरवड्यात घरापासून वर्धा रोडपर्यंतच्या सहा पंपांवर गेलो. दोन ठिकाणी 'मशीन बंद आहे', एका ठिकाणी मशीन चालू पण पोरगा जेवायला गेलेला, एका ठिकाणी बाजूच्या नायट्रोजनवाल्याकडे बोट. नायट्रोजन वाईट नाही, कोरडा असतो हे खरे. पण आपण श्वासात घेतो त्या हवेतच तो ७८ टक्के आहे. पैसे उरलेल्या २२ टक्क्यांचे मोजायचे. राहिलेल्या दोन पंपांवर हवा मिळाली, पण दोघांच्या काट्यांत चार पौंडांचा फरक निघाला. पेट्रोलच्या मापावर वैधमापनवाले शिक्का मारतात. त्याच कटाक्षाने त्यांनी हवेच्या काट्यांकडेही एकदा वळून पाहावे.

परिवहन विभागाने २०२३ साली समृद्धीवर चढणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायला घेतले होते, चांगलेच केले. पण तिथेही नजर पडते ती नक्षीवर. टक्कल पडलेला टायर कोणालाही दिसतो. माझ्या २९१७ ला त्यांनी सलाम ठोकून सोडले असते. काही मोठ्या टायर कंपन्या स्वतःच सांगतात की पाच वर्षे झाली की दरवर्षी जाणकाराला दाखवा, आणि दहा वर्षांनंतर नक्षी कशीही असो, काढून टाका. नाक्यावरच्या माणसाने टॉर्च घेऊन ते चार आकडे वाचायला एका चाकामागे अर्धा मिनिट लागत नाही.

आणि एक विनंती थेट आपल्याला. पुढच्या वेळी 'टायर फुटल्याने' असे छापाल तेव्हा त्यापुढे तो टायर किती साली बनला तेही छापा. अपघातातला टायर बहुधा तिथेच पडलेला असतो, त्याची बाजूची भिंत तर बहुधा शिल्लक राहते. पोलिसांच्या पंचनाम्यात आकडे नसतील तर आपल्या वार्ताहराने विचारावे. दोन-तीन उन्हाळे हे आकडे आपल्या पानावर येत राहिले तर आमच्या कॉलनीतल्या अकरा जणांपैकी निदान चार-पाच जण झाकण वर करून चाकाजवळ वाकतील. पत्र लांबले आहे, कापायचे तर माझ्या एसटीच्या आठवणी कापा, आकडे ठेवा.

वार्ताहराला ते कुठे पाहायचे ठाऊक नसेल तर मी दाखवतो. माझा तो २९१७ घरी अंगणात ठेवला आहे, नातवाने त्यात माती भरून गवती चहा लावला आहे. चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि कितीदा तरी ती बाजू गाडीच्या आत गेलेली असते. मग गुडघ्यावर बसून खालून बघावे लागते. माझे गुडघे आता साथ देत नाहीत, पण टॉर्च चांगला आहे.

आपला नम्र,
एसटीच्या टायर विभागातून निवृत्त एक वाचक
हिंगणा रोड, नागपूर